बुडणारा ओरडत नाही

नौदलात भरती झालेल्या पोराला पोहता येतच असणार, असं लोक गृहीत धरतात. प्रत्यक्षात आमच्या तरणतलावावर दर तुकडीत अशी पोरं येतात, ज्यांनी गळ्याएवढं पाणी कधी बघितलेलंच नसतं. राजस्थानातल्या बाडमेरकडचा एक अग्निवीर त्यातलाच. त्याच्या गावी पावसाचं पाणी टाक्यात साठवून घोटाघोटाने पुरवतात. त्यात उतरायचं कुणाच्या मनातही येत नाही.

उथळ भागात तो पटकन शिकला. त्या दिवशी गणवेशासह खोल पाण्यात पहिली उडी होती. पाय जुळवून, नजर समोर ठेवून त्याने ती नीट मारली. वर आला, तशी काठावर टाळ्या पडल्या. मी मात्र त्याचा चेहरा बघत होतो. मान मागे कललेली, ओठ पाण्याच्या रेषेला, नजर शून्यात. दोन्ही हात पसरून तो पाणी खाली दाबत होता. पाय हलतच नव्हते. नावाने हाक मारली, उत्तर नाही. श्वास घेतानाच दम संपतो, तो ओरडणार कुठून? असा माणूस जेमतेम २० ते ६० सेकंद वर राहतो. बांबू पुढे केला, तर तो धरायचंही भान नाही. मग पाण्यात उतरून पाठीमागून गेलो, कारण समोरून गेलं की मिठी बसते आणि दोघेही खाली जातात. बगलेत हात घालून त्याला उताणं केलं, काठाला आणलं.

वैद्यकीय सहायकाने छाती तपासली. पाणी आत गेलं नव्हतं. संध्याकाळी मी त्याला पुन्हा छातीभर पाण्यात घेतलं. भीतीला रात्रभर मुक्काम करू द्यायचा नाही, हे माझं ठाम मत आहे. कान पाण्यात बुडव, छाती भरून श्वास घे, पाणी तुला उचलेल, एवढंच सांगत राहिलो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा कामगारांच्या राहण्याचा मोठा तराफा (बार्ज) बुडाला, त्याची गोष्ट सांगितली. त्यावर २६१ जण होते. नौदलाने १८० हून अधिक जणांना जिवंत काढलं. तसल्या लाटांत पोहून कुणी कुठे जाणार? लाइफ जॅकेट बांधून तरंगत राहायचं, दम राखायचा.

पुढच्या आठवड्यात तरंगण्यासाठी पँटचा फुगा करायचा होता. पाण्यातच पँट उतरवायची, तिच्या दोन्ही पायांच्या टोकांना गाठ मारायची आणि कंबरेकडून डोक्यावरून झटक्याने हवा भरायची. त्याची एक गाठ सुटली, हवा गेली. तो उताणा पडून राहिला, सावकाश गाठ मारली, पुन्हा हवा भरली. मग विचारलं, "सर, हा फुगा किती वेळ टिकतो?"

"ओलं कापड हवा धरतं, पण ती हळूहळू निघत राहते," मी म्हटलं. "कापड ओलं ठेव, आणि ढिला पडला की पुन्हा भर."