खानापूरच्या लाल मातीत बेसबॉलचा फटका

अमेरिकेत कोलंबसला येऊन आम्हाला अकरा वर्षं झाली. एप्रिल उजाडला की इथली पोरं बेसबॉलच्या बॅटी बाहेर काढतात. आमचा बारा वर्षांचा लेकही त्यातलाच. मागच्या हंगामात त्याचं एकच रडगाणं होतं: चेंडू बॅटीला लागतो, पण लांब जात नाही. एका प्रशिक्षकानं जड बॅट हातात देऊन रोज दोनशे फटके मारायला लावले. महिन्याभरात मनगट दुखायला लागलं आणि बॅट होती त्याहून मंद झाली. मला फार वाईट वाटलं. दमलेल्या हातांनी दोनशे वेळा मारलं की अंगाला त्याच संथ चालीची सवय पडते, हे मला फार उशिरा कळलं.

मोठ्यांच्या सामन्यात गोलंदाज 60 फूट 6 इंचांवरून चेंडू टाकतो. ताशी 150 किलोमीटरचा चेंडू साधारण 0.4 सेकंदात अंगावर येतो. बॅट जितकी चपळ, तितका चेंडू ओळखायला वेळ जास्त. मेजर लीगवाले, म्हणजे इथल्या सर्वांत वरच्या व्यावसायिक बेसबॉलचे लोक, 2024 पासून प्रत्येक फटक्यातला बॅटीचा वेग जाहीर करतात. सरासरी ताशी 116 किलोमीटरच्या आसपास असते, तर जियानकार्लो स्टँटन या नावाजलेल्या फटकेबाजाची बॅट 130 च्या घरात फिरते.

जूनमध्ये बेळगावजवळच्या खानापूरला आलो. तिथला पाऊस तुम्हाला माहीतच आहे, मैदानाचं नावच काढायला नको. मामा त्याला तालमीत घेऊन गेले. मामांनी उभ्या जन्मात बेसबॉल पाहिलेला नाही. लेकानं अनवाणी उभं राहून बॅट फिरवली, तर मामांची नजर बॅटीवर नव्हतीच, मातीवर होती.

"मागचा पाय फिरलाच नाही की रे बाळा. नुसत्या हातानं मारतोस."

खरंच, मागच्या पायाखाली माती जशीच्या तशी होती. मग मामांनी मुद्गल घेऊन फिरवून दाखवला. आधी कंबर सुटली, हात तिच्या मागून आले. अमेरिकेतले बेसबॉलचे जाणकारही हेच सांगतात: आधी खुबा वळू दे, खांदा क्षणभर मागे राहू दे. लेकानं पुन्हा मारलं तेव्हा चवड्याखाली चंद्रकोरीएवढा खळगा पडला. पोराचा चेहरा काय फुलला होता!

मग दिवसाआड सराव ठरला. दोन किलो वाळूची पिशवी कडेनं भिंतीवर फेकायची, हाताच्या नव्हे, कमरेच्या जोरावर. बॅट उलटी धरून, जाड टोक मुठीत घेऊन फिरवायची आणि कान द्यायचा. सूं आवाज अंगाच्या पुढं, चेंडू लागायच्या जागी यायला हवा. मागंच आला तर जोर आधीच सांडला. शेवटी पाच फटके वीस टक्के जड बॅटीनं, पाच तितक्याच हलक्या बॅटीनं, पाच स्वतःच्या. प्रत्येक फटका जीव तोडून आणि मध्ये पुरेसा दम घेऊन. वेग उतरला की त्या दिवसाचं काम बंद. (खेळायला जाण्याआधी बॅटीत वजनाची कडी घालून फिरवायची अमेरिकेत फार जुनी रीत आहे. त्यानंतर बॅट हलकी वाटते खरी, पण मोजून पाहिलं तर वेग वाढत नाही, उलट कमीच भरतो. आम्ही ती कडी सोडली.)

परत आल्यावर बॅटीच्या मुठीला सेन्सर लावून मोजलं. मे महिन्यात बॅटीचा वेग ताशी 80 किलोमीटर होता, आता 85. लेकानं आधी मामांना फोन लावला. पलीकडून पहिलाच प्रश्न आला, "मनगट दुखत नाही नव्हं?"