झिपलाईनचा मागचा पाय

मुंबईत खाडीपलीकडे असलेल्या आमच्या गोराईच्या वाडीत पोरांसाठी झिपलाईन, म्हणजे ताणलेल्या तारेवरून चाकाला लटकून घसरत जायचा खेळ, लावायची ठरल्यापासून घरात सगळी चर्चा तारेवर, चाकावर आणि सीटवर चाललेली. माझं मात्र पहिल्यापासून एकच टुमणं की तार बाजारात मिळते हो, पण ती ज्याला बांधणार ते लाकडी मचाण कसं उभं करायचं ते आधी ठरवा. सिव्हिलचा डिप्लोमा केलाय त्यामुळे हा भाग माझ्याकडे आला आणि मी तो अगदी मनापासून केला, म्हणून सविस्तर लिहितेय.

एका टोकाला जुना रायवळ आंबा, दुसऱ्या टोकाला माड. सासरे म्हणाले, "अगं, माडालाच बांध ना, कशाला खर्च." मी नाही म्हटलं. माडाच्या खोडाला जखम झाली की ती भरून येत नाही, आंब्यासारखी नवी साल धरत नाही, आणि वरून नारळ पडतात ते वेगळंच. म्हणजे आंब्याकडचं टोक झाडाला, तेही खिळे न ठोकता, रुंद पट्ट्याने आणि मध्ये लाकडी फळ्या घालून, आणि सुरुवातीचं टोक आपल्या मचाणाला.

आता खरी गोष्ट. लोक म्हणतात पोरं किती वजनाची, पंचवीस-तीस किलो, एक जाड खांब पुरला की झालं. पण तार खांबाला खाली फारशी दाबत नाही, ती त्याला आडवी ओढते, आणि वजनाच्या कितीतरी पट ओढते. आमचं अंतर ६० फूट. मी हिशोब ८० किलोच्या माणसाचा धरला कारण दिवाळीत काका-मामा बसणारच. माणूस मधोमध असताना तारेला ३ फूट झोळ असेल तर ओढ ८० गुणिले ६० भागिले १२ (झोळाची चौपट), म्हणजे ४०० किलो. तीच तार ताणून ताणून झोळ १ फुटावर आणला की ओढ १,२०० किलो! माणूस तोच, तार तीच. त्यामुळे "अजून टाईट करा" म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे गणित कागदावर करून दाखवलं. उतार हवा तो टोकांच्या उंचीतून काढायचा, ६० फुटांत दोन-अडीच फूट पुरतो.

आणि ही ४०० किलोची ओढ ९ फूट उंचीवर लागते, त्यामुळे एकटा उभा खांब बुडाशी मोडायला बघतो, आणि जाड घेतला तरी मातीत कलायला बघतो. रस्सीखेच खेळताना शेवटचा गडी पाय रोवून मागे रेलतो ना, तसा एक पाय मचाणाला मागच्या बाजूला पाहिजे. म्हणून पुढे दोन उभे पाय, वर आडवी तुळई, आणि तुळईपासून मागे तिरपे उतरणारे दोन पाय. उंची ९ फूट तर मागचे पाय बरोबर ९ फूट मागे टेकवले, ४५ अंश. त्या तिरप्या लाकडाची लांबी पावणेतेरा फूट होते, ती आधीच बघून ठेवा, वखारीत तेवढं सरळ लाकूड सहज मिळत नाही.

लाकडासाठी मुंबईत रे रोडच्या वखारींत गेलो. तिथे जुन्या चाळी पाडल्यावर निघालेलं बर्मा टीक (ब्रह्मदेशी साग) बघायला मिळालं आणि मी तिथेच अडकले. पाच बाय पाच इंची तुळई, वरून काळपट, चुन्याचे डाग, जुन्या खिळ्यांची भोकं, पण सुताराने एका कडेला रंधा मारला तर आतून सोनेरी, तेलकट, आणि तो सागाचा वास. इतकी वर्षं वाळलेलं लाकूड आता पीळ घेत नाही, नवीन ओलं लाकूड घेतलं की पहिल्याच उन्हाळ्यात बोल्ट सैल होतात. टेम्पो अर्थात भाईंदर-उत्तनवरून फिरून आणावा लागला, खाडी ओलांडणाऱ्या जेट्टीच्या बोटीतून तुळया कशा येणार.

मागचे पाय जमिनीत दाबले जात नाहीत, ते वर उपटले जातात, तेही ४०० किलोने. सुतारकाकांना मी ५ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट खोल खड्डा सांगितला तर म्हणाले, "ताई, एवढ्यात तर विहिरीचं काम निघेल." तेवढ्या काँक्रीटचं वजन साधारण १,३५० किलो होतं, ऐकायला भरपूर. पण गोराईची जमीन रेताड, जुलैत पाणी अगदी वर येतं, आणि पाण्यात बुडालेलं काँक्रीट चाळीस टक्क्यांनी हलकं होतं, म्हणजे उरतं ८०० च्या आसपास. ओढ ४०० ची, त्यात पोरं उड्या मारणार, दुपटीचा हिशोब सोडायचा नाही. शिवाय पुढच्या पायांखालचे काँक्रीटचे ब्लॉक आणि मागचा ब्लॉक जमिनीखालून काँक्रीटच्या पट्टीने जोडले, म्हणजे मागचा ब्लॉक पुढे सरकायलाही वाव नाही.

लाकूड मातीत पुरायचं नाही हे तर मी हट्टानेच केलं. कुजतं ते जमिनीच्या रेषेवर, जिथे ओल पण असते आणि हवा पण, आणि मुंबईचा पाऊस म्हणजे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर. त्यामुळे काँक्रीटमधून वर काढलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या बेचक्यात पाय बसवले, लाकडाचं बूड जमिनीपासून चार इंच वर. वाळवीसुद्धा चढताना दिसते. खाऱ्या हवेमुळे पट्ट्या आणि १६ मिमीचे बोल्ट सगळे हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले), प्रत्येक सांध्यात दोन बोल्ट, मोठे वॉशर, आणि बोल्टचं भोक लाकडाच्या टोकापासून निदान पाच इंच आत, नाहीतर ओढीने टोक फाटून बोल्ट निसटतो. खिळे कुठेही नाहीत.

तार १० मिमीची, ती तुटायला पाच टनांच्या आसपास लागतात, तिची चिंता नाही. तारेचं टोक वळवून परत त्याच तारेला पकडणाऱ्या क्लिप मात्र नीट बघून लावा, प्रत्येक टोकाला तीन, यू बोल्ट सुट्या टोकाकडे आणि खाचेचा भाग ओढ घेणाऱ्या तारेवर. उलटी लावली तर यू बोल्ट ओढ घेणारी तार चेचतो.

पोरं बसवायच्या आधी वाळूची पोती बांधून सोडली, आधी ४० किलो, मग ८०, मग १२०, आणि सासरे ओळंबा धरून पुढच्या पायाशी उभे. ओळंबा हलला नाही. तेव्हा कुठे मोठ्या पुतण्याला बसवलं, खाली गवताच्या पेंढ्या, आंब्याच्या आधी जुना टायर.

जूनमध्ये तार काढून घरात ठेवायची आणि ऑक्टोबरमध्ये सगळे नट पुन्हा पान्याने आवळायचे असं ठरवलंय, पावसात लाकूड फुगतं, उन्हात परत आकसतं. आता मचाणाचा कठडा बाकी आहे, तो होईपर्यंत लहानांना वर एकटं चढू देत नाही.