तुमचं राहू द्या

गुरुवारी जुन्या ऑफिसातल्या मंडळींबरोबर जेवायला गेले होते. बिल आलं. बारक्याने मोबाइल काढला, 4,380 ला सहाने भागायच्या ऐवजी पाचाने भागलं आणि मान वर न करता म्हणाला, “मॅडम, तुमचं राहू द्या.” बाकीच्यांनी हो-हो केलं, कुणीतरी बडीशेप पुढे सरकवली. विषय संपला. त्यांचा संपला, माझा गुरुवारपासून चालूच आहे.

माझ्या वाटणीला 730 रुपये आले असते. एवढ्याशा रकमेसाठी रात्री दिवा लावून बसायचं का, तर नाही. पण झोप येत नाहीये, आणि ताईला फोन करून सांगावं असंही हे नाही. तिला सांगितलं की ती लगेच “मुंबई सोड, नाशिकला ये” वर येणार.

सरळ लिहून टाकते. त्याने पैसे भरले हे मला लागलेलं नाही. म्हणजे लागलं, पण ते बऱ्याच उशिरा, परतीच्या गाडीत, विक्रोळी गेल्यावर. आधी काय झालं, तर मला बरं वाटलं. तो “राहू द्या” म्हणाला आणि पर्सच्या चेनवरचा माझा हात तिथेच थांबला. मनात आलं, वाचले. धड आडेवेढेही घेतले नाहीत. “अरे, असं काय” एवढं एकदाच म्हणाले, तेही कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने.

ही कोण बाई? मी हिला ओळखत नाही.

ह्याच मंडळींची बिलं मी भरलेली आहेत. अप्रेझल झालं की, ऑडिट सुटलं की, कुणाला मुलगी झाली की. कार्ड ताटलीत ठेवायचं आणि बोलणं पुढे चालू ठेवायचं. आकडा बघायचेसुद्धा नाही. आता मेनूकार्ड हातात आलं की डोळे आपोआप उजव्या बाजूला जातात. गुरुवारीही गेले होते. मी सोलकढी नको म्हटलं ती पोट भरलं म्हणून नाही, हे मी इथेच लिहिते, बाहेर कुठे नाही.

गरीब झाले आहे का मी? नाही. कागदावर तर मुळीच नाही. नोकरी सोडताना सगळं बसून केलं होतं. वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट गाठीशी हवेत, मग दरवर्षी चार टक्के काढून खायचे, हा तो प्रसिद्ध नियम. ऑफिसातल्या पोरांना तो तोंडपाठ असतो. बेंगेन नावाच्या अमेरिकन सल्लागाराने 1994 मध्ये मांडला. त्याने हिशोब तीस वर्षांचा केला होता, आणि तोही अमेरिकेतल्या शेअर-रोख्यांवर, तिथल्या महागाईवर. मी पन्नाशीत सुटले. आमच्या घराण्यात बायका चिवट. आजी 94 ची होऊन गेली, शेवटपर्यंत चकली स्वतःच्या दातांनी खात होती. आई 86, आणि तीसुद्धा ते सगळं झालं नसतं तर... असो. म्हणजे मला चाळीस वर्षं पुरवायची आहेत आणि नियम तिसाव्या वर्षी हात वर करतो. त्या वेळी मी ऐंशीची असेन आणि दात शाबूत असतील.

महिना 45 हजार धरले होते. आता 58 जातात. उधळपट्टी म्हणावी तर कुठे दाखवता येत नाही. नव्या इमारतीचा मेंटेनन्स 9,400. जुन्या तीन मजली बिल्डिंगीत 2,200 भरायचो आणि त्यावरूनही सभेत भांडणं व्हायची. रिडेव्हलपमेंटच्या सभेत बिल्डरच्या माणसाने “चार-साडेचार हजार, मॅडम, त्यापेक्षा जास्त नाही” असं सांगितलं होतं. सभेला समोसेही चांगले होते. तेव्हा तीन लिफ्ट, आग विझवायची यंत्रणा, सांडपाण्याचा प्लांट, पोडियमवरचं लॉन, ह्या सगळ्यांना रोज वीज आणि माणूस लागतो हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. जिम आहे, मी गेलेले नाही, त्याचे पैसे भरते. मुंबईत 500 फुटांपर्यंतच्या घरांना 2022 पासून मालमत्ता कर माफ आहे. आमची जुनी जागा त्यात आरामात बसली असती. नवी 540 ची. ती वरची 40 फुटं मिळाली तेव्हा पेढे वाटले होते.

मेडिक्लेमचं तर नावच नको. ऑफिसचा होता तो नोकरीबरोबर गेला. स्वतःचा काढला, त्याचा हप्ता वयाच्या नव्या टप्प्यात गेला की उडी मारतो. सप्टेंबर 2025 मध्ये त्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला तेव्हा मी खरंच खूश झाले होते. नूतनीकरणाची नोटीस आली आणि जीएसटीचं जे काही वाचलं ते वयाने खाल्लं.

गाडी विकली ते बरं केलं असं सगळे म्हणतात. मी 2024 च्या गणपतीआधी विकली. आणि ऑक्टोबरात, 14 तारखेच्या मध्यरात्रीपासून, मुंबईच्या पाचही टोलनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ! आयुष्यभर मुलुंडच्या नाक्यावर रांगेत उभं राहून सुटे पैसे मोजलेली बाई मी. आता बेस्टने जाते, तर मे 2025 पासून बेस्टचं किमान भाडं पाचाचं दहा झालं. माझी पाठ वळली की काहीतरी स्वस्त होतं आणि मी पोचले की महाग.

सगळ्यात वाईट हे मधलं वय. पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची चौकशी केली, 8.2 टक्के व्याज, तीस लाखांपर्यंत ठेवता येतात. काउंटरवरच्या मुलीने वय विचारलं. साठ पूर्ण हवेत, स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना पंचावन्न. मी बावन्न. ती म्हणाली, “अजून तरुण आहात तुम्ही.” इतक्या वर्षांत कुणी तरुण म्हटलं आणि ते असं. पीएफची पेन्शन 58 झाल्यावर पूर्ण मिळेल, पूर्ण म्हणजे चार हजाराच्या आसपास. आधी मागितली तर राहिलेल्या दर वर्षामागे 4 टक्के कापून. रेल्वेत पूर्वी बायकांना 58 व्या वर्षी निम्म्या तिकिटाची सवलत लागू व्हायची, ती मार्च 2020 मध्ये बंद झाली ती झालीच. एसटीत मात्र बायकांना अर्धं तिकीट, वय कुणी विचारत नाही. म्हणजे मुंबईत राहण्यापेक्षा मुंबईतून बाहेर जाणं मला परवडतं. ताईचं हेच म्हणणं आहे.

तिचं चूक नाही. हा फ्लॅट विकला तर एजंट दीड कोटी सांगतात. नाशिकला तिच्या कॉलनीत पन्नास-पंचावन्न लाखांत चांगली जागा आहे, खाली भाजीवाला, मेंटेनन्स पंधराशे. उरलेल्या पैशांत ती आजीची 94 वर्षंही निघतील. मी दर वेळी “बघू” म्हणते. का म्हणते ते तिलाही माहीत आहे, म्हणून ती पुढे बोलत नाही, फक्त द्राक्षं पाठवते.

पण मी परत तिथेच येते. बरं का वाटलं मला?

पैसे वाचले म्हणून, हे एक. ते मान्य केलं तरी पुरत नाही. दुसरं असं सुचलं की गेली दोन-अडीच वर्षं मी सतत सिद्ध करत बसले आहे की माझं मस्त चाललंय. सकाळी गच्चीवर योग, दुपारी वाचन, निवांत आयुष्य. ऑफिसातल्या पोरांची मी आदर्श आहे. “मॅडमनी जमवलं” असं म्हणतात. आणि आदर्श बाई 730 रुपयांना कशी कचरेल? त्या पोराने ते सोंग एका वाक्यात उतरवलं. जमवलं वगैरे ठीक आहे मॅडम, पण पगार बंद आहे तुमचा, आम्हाला दिसतं. कुणाला तरी दिसतं आहे ह्याचं ते बरं वाटणं होतं का? की मी आता 730 रुपयांच्या सुटकेला शहाणपणाचा शालू नेसवते आहे?

हे लिहिल्यावर जरा रडू आलं. मग दूध उतू गेलं, ते पुसण्यात वेळ गेला.

आणि ओटा पुसताना एकदम हसू फुटलं. कारण मला बारक्याचा संसार आठवला. तो राहतो बदलापूरला. 7:12 ची चुकली तर उभ्याने, आणि न चुकली तरी उभ्याने. घराचा हप्ता 2044 मध्ये संपणार, हे तो वाढदिवसाची तारीख सांगावी तसं सांगतो. मुलीची शाळा, आईची शुगर. आणि हा कर्जात बुडालेला मनुष्य दीड कोटीच्या घराच्या मालकिणीला म्हणतो, तुमचं राहू द्या. मीही त्याच्याकडे असं बघितलं की जणू कुणी रेशनचं धान्य हातात ठेवतंय. ह्या शहरात खरा गरीब कोण हे ठरवायला वेगळा सीए लागेल. एकाकडे पगार आहे आणि घर बँकेचं, दुसरीकडे घर आहे आणि पगार नाही, आणि दोघं मिळून थाळीकडे बघून आकडेमोड करतात.

त्याच्या डोक्यात त्याच्या वडिलांच्या वेळचं असेल तर तो वेगळा विषय आहे. तो मी काढणार नाही. त्यानेही कधी काढलेला नाही.

मग महिन्याचा हिशोब लिहायला घेतला, तर नवीनच पंचाईत. गुरुवारच्या रकान्यात काय लिहू? जेवण शून्य लिहिलं तर पुढच्या वर्षीचं अनुमान चुकतं, कारण दर वेळी थोडंच कुणी सोडणार आहे. जेवण 730 लिहून समोर 730 जमा दाखवायचे, तर जमेच्या बाजूला ‘बारक्या’ असं लिहावं लागतं. व्याज, लाभांश, भाडं आणि बारक्या. आयुष्यभर अकाउंट्समध्ये काढून इथे अडकले. शेवटी शून्य लिहून शेजारी पेन्सिलने फुली मारली. ऑडिटर आला तर बघू.

मी भरायची तेव्हा ते कुठल्या रकान्यात टाकत असतील? बहुतेक कुठल्याच नाही. बारक्या तेव्हा नवा होता, 18 हजारांवर, आणि ‘मॅडम आहेत’ म्हटल्यावर दोन चपात्या जास्त मागवायचा. त्यालाही सुटल्यासारखं वाटत असेल का? वाटत असणारच. आणि त्याने त्यावर रात्र जागवली नसेल एवढं नक्की, कारण 7:12 गाठायची असते.

संध्याकाळी ग्रुपवर त्याचाच मेसेज होता: पुढच्या महिन्यात कुठे भेटायचं? लोक जागा सुचवायला लागले. एकाने लोअर परळचं काहीतरी टाकलं, फोटोत ताटापेक्षा बशी मोठी. मी दोनदा लिहून खोडलं आणि मग पाठवून दिलं, “माझ्याकडे या. रविवारी. मुलुंड पूर्व, सगळ्यांना येताना गाडीत बसायलाही मिळेल.” बारक्याला मध्य रेल्वेच, त्याचा लगेच अंगठा आला. मग एकीने हळूच विचारलं, “मॅडम, सुरमई?”

आता हे म्हणजे आलंच. सकाळी बाजारात गेले तेव्हा मुद्दाम भाव विचारून आले होते, मेसेज यायच्या आधीच. का विचारला कुणास ठाऊक. कोळीण म्हणाली बाराशे. मी म्हटलं, “अहो मावशी, किलोचा सांगा.” ती म्हणाली, “किलोचाच सांगते. पाव्हणे हायत का? मग भाव काय इचारतीस?” शेजारी बोंबील होते, ताजे, पाणीदार. तळलेल्या बोंबलाला आमच्या टीममध्ये आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. सुरमईचे दोन तुकडे फक्त जिने विचारलं तिला, बाकीच्यांना बोंबील, भात, कोलंबीचं कालवण पातळसर. माझ्या हिशोबाने सहा जणांचं 1,900 मध्ये बसतंय. सोलकढी धरून.