मालवणात सत्तरीचं जेवण: समुद्र बघू नका, मासा बघा

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईतल्यांना पुढचं वाचावं लागणार नाही. देवबाग-तारकर्लीकडे वाढदिवसाचं रात्रीचं जेवण ठरवताय आणि यादीत पहिला शब्द 'सी-फेसिंग' आहे? मग तो खोडा. रात्री आठनंतर समुद्र दिसत नाही. काळोख दिसतो, आणि त्या काळोखाचे पैसे लागतात.

बाबांची सत्तरी होती. ठाण्याहून आम्ही सात जण रेल्वेने कुडाळला उतरलो आणि तिथून दोन रिक्षा करून मालवणला पोचलो. मुक्काम गावातच होता. किल्ला झाला, चिवला किनाऱ्यावर पाय भिजवून झाले, सगळं छान होतं. त्यावर लिहिणारे खूप आहेत. मला त्या रविवारच्या जेवणाबद्दल लिहायचंय.

हॉटेल मीच निवडलं होतं, ठाण्यात बसून, फोटो बघून. वाळूत टेबलं, माडांना दिव्यांच्या माळा, मागे केशरी आकाश. हे फोटो सहा-सव्वासहाचे असतात हे मला जागेवर कळलं. जानेवारीत सूर्य त्या सुमाराला बुडतो. आमचं टेबल साडेआठचं होतं.

शेवटचा टप्पा फोटोत नव्हता. रिक्षा डांबरी रस्त्यावर सोडते. पुढे सुरूच्या झाडांमधून पायवाट, आणि तीही वाळूची. धडधाकट माणसाला पाच मिनिटं. पण आईच्या दोन्ही गुडघ्यांना पट्टे, बाबांच्या पायात वाढदिवसाचे नवे बूट आणि माझ्या हातात केकचा खोका. पाय घोट्यापर्यंत रुततो, दिवा एकही नाही, मोबाईलच्या उजेडात सुरूची मुळं चुकवत चालायचं. आम्हाला वीस मिनिटं लागली. आई मध्ये एकदा थांबून म्हणाली, "अगं, खोलीवर पिठलं-भात केला असता तरी चाललं असतं." तेव्हाच ऐकायला हवं होतं. म्हणून, सोबत कोणी वयस्क असेल तर फोनवर सरळ विचारा: गाडी टेबलापासून किती पावलांवर थांबते? 'जवळच आहे' हे उत्तर धरू नका. बॅटरी न्या. आणि उतरतानाच परतीची रिक्षा बांधून ठेवा. रात्री साडेदहाला देवबागच्या टोकाला रिक्षा शोधणं म्हणजे वनवास. आमच्या रिक्षावाल्याने थांबायचे पैसे आधी सांगून घेतले. संपूर्ण संध्याकाळीतला तो एकमेव सरळ व्यवहार.

आता पापलेट. मेनूवर पापलेटपुढे आकडा नव्हता, 'साईजप्रमाणे' असं लिहिलं होतं. मी विचारलं, साधारण केवढ्याला? वेटर म्हणाला, "आठशेपासून सुरू." बाबांना पापलेट आवडतं, दिवस त्यांचा, म्हणून दोन सांगितले. मासा दाखवला नाही आणि मीही बघायला मागितला नाही, ही चूक माझी. आले ते लाल मसाल्यात आणि रव्यात इतके गुंडाळलेले की आत पापलेट आहे की पुठ्ठा, कळायला मार्ग नव्हता. तळहाताहून थोडे मोठे. बिलात एकेकाचे एकोणीसशे. दोघांचे ३,८०० रुपये! विचारलं तर उत्तर तयार: "मॅडम, आठशेपासून म्हटलेलं, आठशेला नाय." भांडले, पण खाल्लेला मासा परत कसा करणार? काटे होते फक्त.

हे मी घरी आल्यावरही दहा जणांना सांगून झालंय, दादा आता मला 'साईजप्रमाणे' म्हणूनच हाक मारतो. पण त्यातून पुढच्यांसाठी निघतं ते असं. कच्चा मासा टेबलावर मागवा. चांगली खानावळ स्वतःहून ताटात घालून आणते. डोळे फुगीर आणि चकचकीत हवेत, आत गेलेले, पांढुरके नकोत. कल्ला उचलून बघा, तांबडा असला पाहिजे. बोटाने दाबलं की खड्डा राहू नये. पापलेटचा कल्ल्याजवळचा भाग दाबून पांढरं पाणी येतं का (आलं तर ताजं) बघायची आपल्या बायकांची पद्धत आहे, ती तिथे करायला लाजू नका. मग 'हा, हाच, तळून केवढ्याला' असं विचारा आणि आकडा ऑर्डरच्या कागदावर लिहून घ्या. वेटरचं तोंड वाकडं होईल. होऊ दे.

बिलात आणखी दोन गमती होत्या. टेबलावर चार फुगे आणि एक चकचकीत झालर लावली होती, तिचे हजार रुपये 'सजावट' म्हणून. आम्ही मागितली नव्हती. केक आमचा, सुरी त्यांची. आणि दहा टक्के सेवा शुल्क. हे मात्र मी काढायला लावलं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सेवा शुल्क परस्पर बिलात घालता येत नाही, ते देणं आपल्या मर्जीवर असतं. शांतपणे 'नको' म्हटलं की पुरतं. जीएसटी लावला असेल तर बिलावर नंबर छापलाय का बघा. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे ठोक दराने कर भरणाऱ्या छोट्या हॉटेलांना तो गिऱ्हाइकाकडून घेता येत नाही. एवढं करूनही सात जणांचे आठ हजारांच्या वर गेले.

आणि मेणबत्त्या! सात आणि शून्य, असे दोन आकडे मी ठाण्याहून पर्समध्ये जपून नेले होते. उघड्यावर वारा. सात पेटवला की शून्य विझायचं, शून्य पेटवलं की सात. नवरा आणि दादा दोन्ही बाजूंनी मेनूकार्डं धरून उभे, आठ काड्या गेल्या. शेवटी बाबा म्हणाले, "विझलेल्याच आहेत, फुंकलं असं समजा." वाऱ्याने वडेही पाच मिनिटांत वातड झाले. सोलकढी भडक गुलाबी, पाणचट, तळाशी साका. नारळाच्या दुधातल्या कोकमाच्या आगळाचा रंग असा डोळ्यात खुपत नाही.

सोमवारी मासे नाहीत. आईबाबा पाळतात, आणि तिथले बरेच लोकही पाळतात. तेव्हा वाढदिवस सोमवारी येत असेल, किंवा मध्ये संकष्टी येत असेल, तर तारखा आधीच नीट बघा. वाढदिवस १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत येत असेल तर सुरमईचा हट्ट सोडा. त्या दिवसांत ताटात येणारी सुरमई बहुतेक बर्फातली. आणि मालवणजवळच्या आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख दरवर्षी देवीचा कौल घेऊन ठरते, ती विचारूनच तिकिटं काढा. त्या दिवसांत खोली, रिक्षा, टेबल, काहीच मिळत नाही.

मंगळवारी रिक्षावाल्यानेच गावातल्या एका घरगुती खानावळीचा नंबर दिला. ओटीवर चार टेबलं, पंखा, भिंतीवर कालनिर्णय. समुद्र दिसत नाही, ऐकूही येत नाही. मी सकाळी फोन केला तेव्हा पलीकडून काकी म्हणाल्या, "बरा केलास सकाळी फोन केलंस तो. दुपारी केल्यार काय गावाचा नाय." म्हणजे दुपारी केला असता तर काही मिळालं नसतं. किती माणसं, तिखट किती, कोण शाकाहारी, सगळं विचारलं. मासा कोणता हे मात्र बाजार बघून सांगणार म्हणाल्या. यालाच मी खूण समजते: जिथे मेनूवर बारा मासे बाराही महिने मिळतात तिथे फ्रीज मोठा असतो.

संध्याकाळी सुरमई, बांगडे आणि तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या. वहिनीला काळ्या वाटाण्याचं सांबारं, जे नुसतं 'व्हेज थाळी' म्हणून उरकलेलं नव्हतं. वडे कढईतून थेट पानात. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं (मसाल्याची छोटी फळं) होती, बाबांनी ती एकेक चोखून ताटाच्या कडेला रांगेत लावली, सोळा. मग तिसरं बांगड्याचं डोकं मागितलं. मुलीने तिसऱ्यांच्या शिंपल्या मोजल्या, तिच्या आजोबांनी तिला हरवलं. सात जणांचे तीन हजार दीडशे. दहाला खानावळ बंद होते, तेव्हा आठला पोचाच. रोख पैसे ठेवा. सूर्यास्त हवाच असेल तर सहाला तारकर्लीच्या किनाऱ्यावर चहा प्या, तो वीस रुपयांत होतो, आणि मग गावात जेवायला या.

निघताना काकींनी विचारलं, वाढदिवस होता तर केक का नाही आणलात? मी मेणबत्त्यांची गोष्ट सांगितली. दोन्ही आकडे अजून पर्समध्ये आहेत, जेमतेम पेटलेले. पंचाहत्तरीला सात परत चालेल, फक्त पाच विकत घ्यायचा.