तिसरा स्ट्राइक आणि होम प्लेट

इंदूरच्या मराठी घरातल्या मुलाने क्रिकेट सोडून बेसबॉल खेळावे, हे आमच्या रामबागेतल्या नातेवाइकांना अजून पचलेले नाही. होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात रणजी करंडक चार वेळा जिंकला, हे मला घरात पाढ्यांच्या आधी पाठ झाले होते आणि कर्नल सी. के. नायडूंचे नाव तर देवघरातल्या नावांइतक्याच आदराने घेतले जाई. पण माझी ताई चिमणबागेच्या मैदानावर सॉफ्टबॉल खेळायची, आणि तिला आणायला आजोबांबरोबर गेलो की मी होम प्लेट, म्हणजे फलंदाज जिच्याजवळ उभा राहतो आणि जिथे धाव पूर्ण होते ती पाटी, तिच्यामागच्या जाळीला नाक लावून उभा राहायचो. क्षेत्ररक्षण करणाऱ्या नऊ जणांपैकी आठ जण एका दिशेला तोंड करून उभे असतात आणि नववा, म्हणजे फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणारा कॅचर, त्या आठांकडे पाहत बसलेला असतो, हे तिथून लख्ख दिसायचे. पुढे हातात बेसबॉल आला, तेव्हा मला कॅचरच व्हायचे होते.

गेल्या हंगामातील आंतरमहाविद्यालयीन अंतिम सामन्याची शेवटची इनिंग मी सांगणार आहे. आम्ही एका धावेने पुढे होतो, दोन आउट झाले होते, तिसऱ्या आउटला डाव संपणार होता आणि समोरच्या संघाचे खेळाडू तिन्ही बेसवर, म्हणजे धावताना गाठायच्या तिन्ही टप्प्यांवर, उभे होते. आमचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, दमला होता. साडेसाठ फुटांवरून सरळ वेगवान चेंडू टाकत राहिलो, तर हा फलंदाज कधीतरी तो उचलणार, हे मला त्याच्या पहिल्या दोन स्विंगांवरूनच कळले होते. तो उंच चेंडूची वाट पाहत होता. त्याने बॅट फिरवून चेंडू चुकवला की तो एक स्ट्राइक, आणि एरवी तिसऱ्या स्ट्राइकला फलंदाज बाद. दोन स्ट्राइक झाल्यावर मी मांड्यांच्या आड दोन बोटे दाखवली. आमच्यात दोन बोटे म्हणजे कर्व्ह (वळत खाली जाणारा चेंडू), आणि मिट, म्हणजे माझा जाड हातमोजा, मी मुद्दाम जमिनीलगत धरले. तिसऱ्या बेसवर धावपटू असताना खाली पडणारा कर्व्ह मागणे धोक्याचे असते, कारण चेंडू कॅचरमागे गेला की बरोबरीची धाव झालीच म्हणून समजावे. तरीही कॅचरला स्वतःच्या छातीवर भरवसा नसेल, तर त्याने ही जागा घेऊच नये, असे माझे मत आहे.

चेंडू प्लेटच्या जरा अलीकडेच मातीत आपटला. फलंदाजाने बॅट फिरवली आणि ती रिकामी गेली. अशा वेळी चेंडू झेलायला जायचे नसते. दोन्ही गुडघे टेकायचे, मिटने मधली फट बंद करायची, हनुवटी छातीला लावायची, खांदे पुढे आणायचे आणि चेंडूला अंगावर आपटू द्यायचे. तो चेस्ट गार्डवर आदळून माझ्या समोर हातभर अंतरावर पडला.

मैदानाबाहेर एकच गलका झाला. ‘भिया, फर्स्ट! फर्स्ट!’ असे ओरडून कोणी चेंडू पहिल्या बेसकडे फेकायला सांगत होते, तर कोणी धावत येणाऱ्याला टॅग करायला, म्हणजे चेंडू अंगाला लावायला, सांगत होते. तिसऱ्या बेसवरचा धावपटू खरोखरच माझ्या अंगावर येत होता. मी उघड्या हाताने चेंडू उचलला, डावा पाय होम प्लेटवर ठेवला आणि अंपायरकडे पाहिले. त्यांनी मूठ वर केली. सामना संपला.

समोरच्या कर्णधाराने जोरदार हरकत घेतली आणि प्रेक्षकांतले क्रिकेटवाले काकालोक तर आमच्यावर फसवणुकीचा आरोप करण्याच्या बेतात होते. अंपायर सरांनी शांतपणे नियम सांगितला. तिसरा स्ट्राइक कॅचरने झेलला नाही आणि दोन आउट झालेले असले, तर फलंदाज लगेच बाद होत नाही. तो पहिल्या बेसकडे धावणारा खेळाडू बनतो. तिन्ही बेस भरलेले असल्यामुळे त्याला जागा करून देण्यासाठी बाकीच्या तिघांनाही पुढे सरकणे भाग पडते, आणि सक्तीने येणाऱ्या धावपटूला स्पर्श करण्याची गरज नसते. तो ज्या बेसकडे निघाला आहे, तो बेस चेंडूसह आधी गाठला की पुरे. दोनपेक्षा कमी आउट असताना पहिला बेस भरलेला असेल, तर मात्र चेंडू सुटला तरी फलंदाज बाद धरतात. नाहीतर कॅचर मुद्दाम चेंडू पाडून एका फटक्यात दोघांना बाद करतील. हे शेवटचे कलम मला या खेळातले सर्वांत हुशार कलम वाटते. नियम लिहिणाऱ्यांनी कॅचरची लबाडी आधीच ओळखली होती!

आमचा पिचर मात्र हिरमुसला होता. आपला शेवटचा चेंडू मातीत गेला आणि आपण केवळ सुटलो, असे त्याला वाटत होते. मी त्याला गुणलेखकाच्या टेबलाकडे नेले. नोंदवहीत पिचरचा क्रमांक १ आणि कॅचरचा २ असतो. बाद करण्याची नोंद माझ्या दोनच्या खात्यावर लागली होती, पण स्ट्राइकआउट त्याच्याच नावावर होता. त्याने तो रकाना स्वतः वाचला, गुणलेखकाला पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली, आणि मग मलाच सुनावले की पुढच्या वेळी इतका खालचा चेंडू मागायचा असेल, तर निदान दुसऱ्या इनिंगमध्ये मागत जा.