डोलकाठी आडवी करून नेल्या जाणाऱ्या नावेचा फर्लर

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या माझ्या वर्कशॉपमध्ये पंपांच्या स्लीव्ह, उसाच्या चरख्यांचे शाफ्ट आणि फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगचे मशिनिंग एवढीच कामे बहुधा असतात. बाहेरच्या माणसाला कळणार नाही अशी गोष्ट म्हणजे निम्मी गिऱ्हाइके ड्रॉइंग घेऊन येत नाहीत. ती मोडलेला तुकडा टेबलावर ठेवतात आणि "असाच्या असा करून द्या" म्हणतात. मोडलेल्या तुकड्याची हुबेहूब नक्कल म्हणजे पुन्हा त्याच जागी मोडणारा तुकडा, हे ऐकून घेण्याची तयारी फार थोड्यांची असते.

चीफसाहेबांनी आणलेला तुकडा फर्लरमधल्या, म्हणजे नावेचे शीड गुंडाळणाऱ्या यंत्रणेतल्या, ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्टीचा होता, साधारण हातभर लांब आणि जोडापाशी वाकलेला. व्यापारी जहाजांवर चीफ इंजिनिअर म्हणून नोकरी करून ते निवृत्त झाले आहेत, आणि कळंब्याच्या बाजूला त्यांच्या प्लॉटवर ट्रेलरवर चढवलेली एकोणीस फुटी फायबरची शिडाची नाव आहे. ती त्यांनी किनाऱ्यावरच्या एकाकडून जुनी घेतली. हवा चांगली असली की राधानगरीवरून फोंडा घाट उतरून ते ती मालवणला नेतात, पाण्यात सोडतात आणि परत घेऊन येतात. पट्टी पाहून मी त्यांना सांगितले की तुकडा करायचा की नाही हे सगळी यंत्रणा पाहिल्याशिवाय ठरवणार नाही, आणि त्याच दुपारी व्हर्निअर, स्टेनलेसची जात ओळखायच्या मॉली टेस्टची बाटली आणि हॉट एअर गन घेऊन कळंब्याला गेलो.

नावेच्या नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, डोलकाठीच्या वरच्या टोकापर्यंत फोरस्टे नावाची पोलादी तार ताणलेली असते आणि ती काठीला मागे पडू देत नाही. पुढचे शीड, म्हणजे जिब, या तारेपाशी उभे राहते. पूर्वी ते उतरवायला कोणीतरी हलत्या नाळेवर जावे लागे. फर्लर बसवला की तारेभोवती फिरणारी एक लांब पन्हळ येते, तिच्या खाचेत शिडाची पुढची कड ओवलेली असते आणि खाली एक ड्रम असतो. मागे बसल्या बसल्या ड्रमवरची दोरी ओढली की पन्हळ फिरते आणि शीड तिच्याभोवती गुंडाळले जाते. एकट्याने नाव हाकणाऱ्या सत्तरीच्या माणसाला याची गरज का वाटते, हे वेगळे सांगायला नको.

ती यंत्रणा उघडण्यात दुपार गेली. पन्हळीच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांत स्टेनलेसचे स्क्रू कोणतीही पेस्ट न लावता बसवलेले होते, आणि खाऱ्या पाण्यात या दोन धातूंचे जमत नाही. प्रत्येक स्क्रूभोवती पांढरी भुकटी धरली होती. गरम करून, इम्पॅक्ट ड्रायव्हरने हळूहळू हलवून बरेचसे सुटले, उरलेले ड्रिलने काढावे लागले. वाकलेल्या जोडाचे कारण कळायला वेळ लागला नाही. ट्रेलरवरून नेताना काठी आडवी केल्यावर ही पन्हळ तिच्याबाहेर लोंबत राहते, घाटातल्या प्रत्येक खड्ड्याला उसळी घेते आणि सगळा वाक जोडावर घेते. समुद्रात वर्षानुवर्षे उभी राहणारी चीज रस्त्यावर मोडते, ती अशी.

पट्ट्या पूर्ण निघाल्यावर तारेचे वरचे टोक उघडे पडले, आणि या कामात मला खरा धक्का बसला तो तिथे. चार मिलिमीटरची ती तार 1×19 जातीची, म्हणजे एकोणीस सुट्या तारांचा पीळ होता. वरच्या स्वेजच्या, म्हणजे तारेवर दाबून बसवलेल्या टोकाच्या, अगदी खाली त्यातल्या चार तुटलेल्या होत्या आणि बाकीच्यांचा पीळ सैल पडून फुगला होता. तुटलेली टोके तपकिरी झाली होती, म्हणजे तुटणे जुने होते. ही तार धड असेल तर दीड टनाच्या जवळपास भार घेते. पण त्या अवस्थेत ती किती घेत होती हे मी सांगू शकत नाही. चीफसाहेबांनी बॅटरी लावून एकदा पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले, आणि म्हणाले, "मालक, दिवाळीत नातवंडं होती नावेत."

हे नुकसान ट्रेलरचे नव्हते. अशा फर्लरमध्ये शिडाचे वरचे टोक एका स्विव्हलला, म्हणजे फिरत्या जोडाला, बांधलेले असते. त्याचा खालचा भाग शिडाबरोबर फिरतो आणि हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवणारी दोरी, बांधलेला वरचा भाग स्थिर राहायला हवा. हॅलयार्ड तारेला समांतर गेली तर स्विव्हलबरोबर तीही तारेभोवती गुंडाळली जाते. ती साधारण दहा अंशांचा कोन करून काठीकडे गेली की हे टळते. या नावेत जिब आखूड होते, त्यामुळे स्विव्हल बरेच खाली राहत होते आणि हॅलयार्ड तारेला चिकटून वर जात होती. शिडाच्या टोकाला दोरीचा एक तुकडा जोडून स्विव्हल वर नेले असते तरी पुरले असते. ते न करता कोणीतरी जोर लावून दोरी ओढत राहिले आणि प्रत्येक ओढीबरोबर पोलादी तार पिळली गेली. फर्लर जड चालला तर आधी वर पाहावे, जोर लावू नये, हे नाव विकणाऱ्याने सांगायला हवे होते. पण आपल्याकडे वस्तू विकताना चावी देतात, माहिती देत नाहीत.

त्यानंतर चीफसाहेबांनी कॅटलॉगचे प्रिंट काढून आणले आणि निवडीचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुरू झाला. हार्केन, प्रोफर्ल, फर्लेक्स यांचे ॲल्युमिनियम पन्हळीचे फर्लर त्यांच्या मनात भरले होते, आणि कारागिरी पाहता ते योग्यच होते. माझा आक्षेप एवढाच होता की ही यंत्रणा काठी उभीच राहते असे धरून बांधलेली असते आणि या नावेची काठी प्रत्येक सहलीत दोनदा हलते.

दुसरा मार्ग तारेच्या कडेच्या शिडाचा होता. शिडाच्या पुढच्या कडेतच तार शिवलेली असते, खाली छोटा ड्रम आणि वर स्विव्हल एवढेच लागते, आणि प्रवासात शीड गुंडाळून पिशवीत जाते. ट्रेलरसाठी यापेक्षा सुटसुटीत काही नाही. तो ड्रम मी स्वतः करू शकत होतो, आणि खरे सांगायचे तर हात शिवशिवत होते. नायलॉन पाणी पिऊन फुगते, म्हणून ड्रम डेलरिन या प्लास्टिकचा. मधला पिन 316 जातीच्या स्टेनलेसचा, कारण 304 आणि 316 दिसायला सारखेच, चुंबकानेही वेगळे कळत नाहीत, मॉली टेस्टचा थेंबच खरे काय ते सांगतो. बाजारात ढिगाने मिळणारे 6205 बेअरिंग सील असले तरी क्रोम स्टीलचे असते आणि खाऱ्या पाण्यात टिकत नाही, म्हणून बॉलही प्लास्टिकचे. 316 वर टूल नुसते घासू दिले तर पृष्ठभाग कडक होतो आणि पुढचा कट लागत नाही, म्हणून फीड धीटपणे द्यावे लागते. अठरा-वीस वेढे बसतील एवढी ड्रमची रुंदी काढून मी स्केचही तयार केले होते.

पण या प्रकारात शीड एकतर पूर्ण उघडे नाहीतर पूर्ण बंद. अर्धे गुंडाळले की वरचे आणि खालचे टोक सारखे फिरत नाही, मधल्या भागात पोट सुटते आणि वारा वाढला असताना नेमका नको तो आकार मिळतो. चीफसाहेब एकटे असतात आणि त्यांना शीड लहान करता यायला हवे होते. म्हणून मी ड्रम करायला नकार दिला. शेजारच्या शेडमधल्या मित्राने ऐकून सांगितले, "पैसे देतोय ना माणूस, मग दे की करून." हा सल्ला उद्यमनगरात इतक्यांना इतक्या वेळा मिळाला आहे की आपल्या हातांत हुन्नर असूनही आपल्याला लोक नक्कल करणारे म्हणतात, याचे मला नवल वाटत नाही.

शेवटी निवड झाली ती अमेरिकेतल्या सीडीआयच्या फ्लेक्सिबल फर्लरची. त्याची पन्हळ एकसंध, लवचीक प्लास्टिकची असते. जोडच नसल्यामुळे जोड वाकण्याचा प्रश्न उरत नाही आणि काठी आडवी करताना ती खुशाल वाकते. वर स्विव्हल नाही, हॅलयार्ड पन्हळीच्या आतच असते आणि सगळे एकत्र फिरते, त्यामुळे तार पिळण्याचे मूळ कारणच निघून जाते. प्लास्टिकची पन्हळ धातूसारखी ताठ नसते, म्हणून अर्धे गुंडाळलेले शीड ॲल्युमिनियमवर राहते तेवढे नीट राहत नाही. पण फोरस्टे चांगली ताणलेली असेल तर चालते.

माझ्याकडे काम आले ते खालच्या टॉगलचे, म्हणजे तार नाळेला जोडणाऱ्या वळत्या सांध्याचे, आणि पिनांचे. काठी खाली येताना टोकाची तार स्वेजपाशी न वाकता टॉगलमध्ये वळावी, हे मी मनासारखे साधले. तार नवीन घेतली. पन्हळ वरच्या स्वेजच्या चार बोटे अलीकडेच कापून थांबवली, म्हणजे काठी आडवी असताना तारेचे ते टोक काही न उघडता तपासता येईल. ड्रममध्ये राहणाऱ्या भागातून दोरीचा गाभा काढून टाकला, त्यामुळे तिथे ती बारीक झाली आणि वेढे आरामात मावले. दोरी ड्रममध्ये काटकोनात शिरेल अशी पहिली पुली बसवली. शीड मुंबईच्या शिडे शिवणाऱ्याकडून पुढच्या कडेची टेप आणि उन्हापासून वाचवणारी पट्टी लावून आले, आणि पट्टी ज्या बाजूला असेल ती गुंडाळल्यावर बाहेर यायला हवी, म्हणून ड्रमवरचे वेढे उलट दिशेने भरावे लागले.

प्लॉटवर काठी उभी करून आम्ही ते उघडले आणि मिटले. चीफसाहेबांनी एका हाताने ओढले. मला मात्र अजून एक गोष्ट छळते. हॅलयार्ड आत असल्यामुळे शीड उतरवायचे तर आधी ते पूर्ण उघडावे लागते आणि मग नाळेवर जाऊन ड्रमपाशी गाठ सोडावी लागते. वाऱ्यात दोरी अडकून शीड अर्धवट उघडे राहिले तर साध्या हॅलयार्डसारखे ते धाडकन खाली सोडता येणार नाही. मी हे त्यांना स्पष्ट सांगितले. त्यांचे उत्तर असे की तशी वेळ आली तर शीट, म्हणजे शीड ताणून धरणारी दोरी, सोडून द्यायची, शीड फडफडू द्यायचे आणि इंजिनवर किनारा गाठायचा. फाटले तर शीड फाटेल. इंजिनवर आयुष्य काढलेल्या माणसाचे हे उत्तर आहे आणि ते चूक आहे असे मला म्हणता येत नाही. पण शिडाची बाजू इंजिनच्या भरवशावर सोडणे मला पटलेलेही नाही, म्हणून पावसाळ्यानंतर पहिल्यांदा पाण्यात उतरताना मी बरोबर येणार, असे त्यांच्याकडून कबूल करून घेतले आहे.