नव्या केमिस्टला हार्डनेस शिकवताना

पाण्याच्या प्रयोगशाळेत नवा केमिस्ट आला की मी त्याच्या हाती पहिली चाचणी देतो ती एकूण कठिणतेची, म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम मोजण्याची; सगळ्यांच्या तोंडी 'हार्डनेस'. चाचणी सोपी आहे, म्हणूनच शिकवण्यातले घोटाळे तिच्यात लगेच उघडे पडतात.

एसओपी (चाचणीची लेखी कार्यपद्धती) वाचायला देऊन सही घेतली की कागदावर ट्रेनिंग झालं. ५० मिली नमुना, पीएच १० ला धरून ठेवणारं १ ते २ मिली अमोनिया बफर, रंग दाखवणारी चिमूटभर इरिओक्रोम ब्लॅक टी, मग कॅल्शियम-मॅग्नेशियम बांधून घेणारं ०.०१ मोलर ईडीटीए 'रंग बदलेपर्यंत'. गोम या शेवटच्या दोन शब्दांत आहे. लाल जाऊन जांभळा आला, तर तोही रंग बदललाच की! लालसरपणाचा मागमूस न उरता स्वच्छ निळा यायला हवा. ०.३ मिली आधी थांबलं तर निकाल लिटरमागे ६ मिलिग्रॅम कमी येतो. म्हणून नुकतंच टायट्रेशन (ईडीटीए मोजून सोडणं) संपलेला एक फ्लास्क मी शेजारी पांढऱ्या टाइलवर ठेवतो. तो दिसला की वाद मिटतो. शेवटचे थेंब तीन ते पाच सेकंदांच्या अंतराने सोडायचे. बफर घातल्यापासून पाच मिनिटांत आटोपायचं, नाहीतर पीएच १० ला कॅल्शियम कार्बोनेट खाली बसू लागतं. हे कारण सांगितलं नाही, तर वेळ वाचवायला नवा माणूस दहा फ्लास्कमध्ये एकदम बफर घालून ठेवतो.

'समजलं का?' विचारू नये. उत्तर 'हो सर' हेच येतं. पहिल्या दिवशी मी करतो, तो पाहतो. दुसऱ्या दिवशी तो करतो आणि प्रत्येक पायरी कशासाठी, ते मोठ्याने सांगतो. मग ज्याची किंमत फक्त मला ठाऊक आहे असा नमुना, सात वेळा. आकडे जुळले तरच त्याच्या नावे चाचणीचा अधिकार. चाचणी प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ १७०२५ (२०१७) या मानकाच्या ६.२ कलमाला प्रशिक्षण, देखरेख आणि अधिकार देणं, या सगळ्याच्या नोंदी लागतात.

फोनवर बोलायला मात्र सहसा कुणी शिकवत नाही. बोअरच्या पाण्याचा अहवाल हातात घेऊन सरपंच विचारतात, "४२० आलंय, प्यायचं की नाही?" 'मर्यादेत आहे' हे अर्धंच उत्तर. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात कठिणतेसाठी लिटरमागे २०० मिलिग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा, तर ६०० ही दुसरा स्रोत नसेल तेव्हाची. मी असं बोलायला शिकवतो: "दुसरी सोय नसेल तर कठिणतेपुरतं चालेल. डाळ उशिरा शिजेल, साबणाला फेस कमी येईल. नायट्रेट आणि जंतूंचे आकडे मात्र वेगळे पाहू, अहवालाचं दुसरं पान उघडा."